उजेडाचं ऊबदार टोक

वहिनी,

कॉलेजच्या शोकसभेत तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते कोणाबद्दलही बोलता आलं असतं. मिलनसार होत्या, मृदुभाषी होत्या, कर्तव्यनिष्ठ होत्या. मी मागच्या रांगेत दादाशेजारी बसलो होतो. 'मृदुभाषी' ऐकल्यावर मला इतकं हसू आलं की रुमाल तोंडावर दाबावा लागला. बाजूच्या बाईंना वाटलं मी रडतो आहे. त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि मग मात्र खरंच रडू फुटलं. तुम्ही आणि मृदुभाषी! भिलाईच्या सिविक सेंटरच्या किराणावाल्याला भर गर्दीत 'भैया, आपका तराजू और मेरी आँख, दोनों में से एक झूठ बोल रहा है, और आँख तो मेरी है' असं सुनावणारी बाई. तो पुढे जन्मभर तुम्हाला 'दीदी' म्हणत राहिला हे खरं, पण ते प्रेमापेक्षा धाकापोटी जास्त.

तुम्ही त्या सभेत असता तर घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाल्या असत्या, "सरासरी काढली माझी." तुमच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी हीच. कोळशाचे अभ्यासक करतात तसा पोतंभर कोळसा दळायचा, त्यातली चिमूट घ्यायची आणि त्या चिमटीवरून अख्ख्या खाणीचा स्वभाव सांगायचा, याची तुम्हाला भारी चीड. "मले एका कणाले विचारायचं आहे," तुम्ही म्हणायच्या. "गर्दीले विचारलं तं गर्दीचंच उत्तर येते." म्हणून मी तुमचा धाकटा दीर, पोलाद कारखान्यात कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्यांच्या, म्हणजे कोक ओव्हनच्या, गॅस पाइपांवर काम करणारा साधा चार्जमन, इथं तुमच्याविषयी सगळं सांगायला बसलेलो नाही. माझ्या हाती जे लागलं तेवढंच लिहितो.

तेरवी आटोपली. भंडाऱ्याकडचे पाहुणे आपापल्या गाडीने गेले. घरात दादा, मी, माझी बायको आणि तुमच्या वस्तू. तुमचा चष्मा दादाने स्वतःच्या चष्म्याच्या घरात ठेवला आहे, आणि त्याचा स्वतःचा चष्मा दिवसभर कुठंतरी हरवलेला असतो. आम्ही कोणी त्याला काही म्हणत नाही.

तुम्ही लग्न होऊन आपल्या क्वार्टरमध्ये आलात तेव्हा मी हायर सेकंडरीत फिजिक्समध्ये आपटलो होतो. दादा माझ्याशी बोलत नव्हता. बाबा गेल्यावर घराची सगळी जबाबदारी त्याच्यावर, टाइम ऑफिसातली कारकुनी, आणि त्यात हा नापास भाऊ. माय रोज सकाळी माझ्या नावाने सुस्कारे टाकायची. तुम्ही नागपूरच्या, एम.एस्सी. झालेल्या, हातावरची मेंदी अजून गेलेली नव्हती. सकाळी अंगणात शेगडी पेटली होती आणि मी उगाच तिच्याजवळ उभा होतो.

"डोळे मीट," तुम्ही म्हणालात.

"कावून?"

"मीट तं सही. आता जागच्या जागी दोन गिरक्या घे, अन् शेगडी कुठी आहे ते बोटानं दाखव."

मी दाखवली. अगदी बरोबर दाखवली.

"कसं समजलं? दिसलं तं नाही."

"गालावर ऊब आली."

"ऊब नाही बाप्पा, उजेड आला. तुझ्या डोळ्याले दिसत नाही म्हनून तू त्याचं नाव बदलवून राहिला."

सतरा वर्षांच्या पोराला नव्या वहिनीने बोललेलं पहिलं मोठं वाक्य हे. मी पुढच्या खेपेला पास झालो, पण तो भाग वेगळा. त्या सकाळी माझ्या गालालाही काहीतरी कळतं, हे मला कोणीतरी पहिल्यांदा सांगितलं. त्याआधी मला काही कळतं असं आपल्या घरात कोणी म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. एवढी वर्षं मी ड्यूटीवर जातो आहे. बॅटरीकडे, म्हणजे भट्ट्यांच्या रांगेकडे, वळायच्या आधी, जिथून भट्ट्यांची दारं अजून दिसत नाहीत त्या कोपऱ्यावर, मी क्षणभर डोळे मिटतो आणि गालाने विचारतो, आज कोणत्या बाजूचं दार उघडं आहे. बहुतेक वेळा बरोबर येतं. बरोबरची माणसं समजतात की मी देवाचं नाव घेतो. त्यांचा गैरसमज मी दूर केला नाही.

तुम्ही कॉलेजात शिकवायला लागलात, आणि कोळशावर तुमचा अभ्यास सुरू झाला. दिसायला सारखे दोन कोळसे, दोघांनाही सारखीच आच, तरी एक मऊ पडतो, फुगतो आणि त्याचा चांगला कोक होतो. दुसरा मात्र तसाच भुसभुशीत राहतो. असं का? हे विचारायला तुमच्याकडे कॉलेजातलं ते जुनं इन्फ्रारेडचं यंत्र होतं. न दिसणारा उजेड एखाद्या वस्तूतून पाठवायचा. वस्तू त्यातला आपल्या आवडीचा वाटा गिळते. उरलेला पलीकडे पोचतो, आणि यंत्राचं पेन कागदावर डोंगर-दऱ्या काढत जातं. कोणती दरी कुठे पडली यावरून आत काय आहे ते ओळखायचं. "ताटात काय उरलं ते पाहून पाहुन्याची आवड समजते, तसं," असं तुम्ही मायला सांगितलं होतं, आणि मायला ते लगेच पटलं, कारण पाहुण्यांची ताटं पाहण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

या यंत्राची एक खोड होती. काच या उजेडाला अडवते. म्हणून त्यात काचेच्या जागी मिठाच्या चकत्या लावायच्या. खरोखरच्या मिठाच्या, स्फटिकातून कापलेल्या, घासून घासून पाण्यासारख्या स्वच्छ केलेल्या. तुम्ही त्या हातात घेताना श्वास रोखून धरायच्या, कारण तोंडची वाफसुद्धा त्यांना बाधते. आणि पावसाळ्यात तर त्यांचं पाणी पाणी. कॉलेजात दिवसातून किती वेळा लाइट जायची त्याला गणती नाही. आपल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये ती सहसा जात नसे. म्हणून जून लागला की त्या चकत्या तुमच्या पर्समधून घरी यायच्या. त्यांच्यासाठी मी एक लाकडी पेटी करून दिली, आत एक बल्ब रात्रंदिवस चालू. कोरडी, कोमट पेटी.

आता भिलाईच्या पावसाळ्यात घरात एक कोरडी, कोमट पेटी असली आणि घरात माय असली, तर काय होणार ते ठरलेलंच. आधी काडीपेट्या आत गेल्या. मग पापड. मग मिठाची बरणी. मग मुगाच्या वड्या. तुम्ही एका कोपऱ्यात स्वच्छ कापडात गुंडाळून तुमच्या चकत्या ठेवायच्या आणि बाकीच्या संसाराकडे कानाडोळा करायच्या. मी म्हणालो, "वहिनी, ही पेटी मी सायन्ससाठी केली होती." तुम्ही म्हणालात, "वड्या का सायन्सच्या बाहेर आहेत?"

आणि मग तो श्रावणातला सोमवार. मायचा उपास. भगर शिजून राहिली होती आणि घरातलं शेंदेलोण संपलं होतं. साधं मीठ उपासाला चालत नाही. मायने पेटी उघडली, काडीपेटी घ्यायला, आणि तिला कापडात गुंडाळलेला, आरपार दिसणारा मिठाचा खडा सापडला. तिने जिभेला लावून पाहिला. मीठच. इतकं स्वच्छ शेंदेलोण तिने जन्मात पाहिलं नव्हतं. सुनेने आपल्या उपासासाठी नागपूरहून मुद्दाम आणून ठेवलं, असं समजून तिला भरून आलं. तिने दोन्ही चकत्या खलबत्त्यात कुटल्या.

तुम्ही घरी आलात तेव्हा माय तुमच्यासाठी ताट वाढून बसली होती. "पोरी, माह्या उपासाची केवढी काळजी व तुले," असं म्हणून तिने तुमच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तुम्ही पेटीकडे पाहिलं. मग खलबत्त्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो. त्या चकत्यांसाठी तुम्ही किती दारं झिजवली होती ते मला माहीत होतं. त्या पावसाळ्यातलं सगळं काम त्यांच्यावर अडलेलं होतं.

तुम्ही पाटावर बसलात. भगर खाल्ली. "चांगली झाली," म्हणालात. "अजून वाढा थोडी." मग मागच्या अंगणात जाऊन हात धुतलेत. ते हात धुणं बराच वेळ चाललं होतं.

मायला खरं काय ते चार दिवसांनी कळलं, तेही दादाच्या तोंडून निसटलं म्हणून. ती हबकली. म्हणाली, "मले कावून नाही सांगितलं? मी का तुले खाल्लं असतं?" तुम्ही म्हणालात, "तुमी तं चकत्या खाल्ल्या, आता मले खायाले पोटात जागा कुठी आहे?" दोघी हसत सुटल्या. नंतर नव्या चकत्या आल्या तेव्हा तुम्ही मायला समोर बसवून दाखवलं, की काचेतून जो उजेड जात नाही तो यातून जातो. मायने बराच विचार केला. "म्हंजे काच आंधळी अन् मीठ डोळस," ती म्हणाली. पुढे वर्गात तुम्ही हेच वाक्य सांगायच्या, आणि कोणाचं ते नावासकट सांगायच्या. माय गेली तेव्हा तिच्या पायाशी सगळ्यात जास्त वेळ बसलेल्या तुम्ही होता. सासू-सुनेचं इतकं बरं कधी पाहिलं नाही, असं शेजारी म्हणाले. मला वाटलं, ज्यांनी एकमेकींना माफ करायची वेळच येऊ दिली नाही त्यांचं बरंच असणार.

मग आपलं भांडण. ते अजून संपलेलं नाही, वहिनी, आणि आता मला एकट्यालाच ते दोन्ही बाजूंनी चालवावं लागणार.

नव्वद सालच्या सुमारास तुम्ही नागपूरच्या लायब्ररीतून काहीतरी वाचून आलात आणि जेवायला बसल्या बसल्या सुरू झालात. एक गोल नळी असते. आत हवासुद्धा ठेवत नाहीत. त्या नळीतून इलेक्ट्रॉन पळत असतात, जवळजवळ उजेडाच्या वेगाने. सरळ पळतात तोवर गुपचूप. चुंबकाने त्यांना वळवलं की वळणावर उजेड सांडतात. "ओल्या रस्त्यावर सायकल जोरात वळवली की चिखल उडते ना, तसा."

"कोनाच्या कपड्यावर?" दादाने विचारलं. तो असाच, एवढंसं बोलायचा.

"माह्या," तुम्ही म्हणालात. "माह्या कपड्यावर उडाला पाहिजे."

त्या सांडलेल्या उजेडात सगळ्या तऱ्हा असतात. एका टोकाला क्ष-किरण, दुसऱ्या टोकाला हा आपला शेगडीचा, न दिसणारा. बाहेरच्या देशांत काही जणांनी हे शेगडीचं टोक वापरायला सुरुवात केली होती. आणि त्याची ख्याती अशी, की तो इतका बारीक एकवटतो की कोळशाच्या एका कणावर, कणाच्या एका पट्ट्यावरसुद्धा टेकवता येतो. तुम्ही हे सांगत होता तेव्हा तुमच्या हातातला घास तसाच होता. एवढी वर्षं ज्याला विचारायचं होतं त्या एका कणाला विचारायची सोय जगात झाली होती.

मी म्हणालो, "एवढं कशाले पाहिजे? आमच्या भट्टीवर चला. दार उघडलं की इतकं इन्फ्रारेड अंगावर येते की भुवया जळून राहिल्या. घ्या पाहिजे तेवढं."

"पाहिजे तेवढं नको मले. पाहिजे तिथं पाहिजे."

"उजेड तं उजेड आहे."

"तुमची भट्टी म्हंजे लग्नातला लाउडस्पीकर. साऱ्या गावाले ऐकू जाते, पन कोन्या एकाले काही सांगता येत नाही. मले कानात बोलनारा पाहिजे."

"बारीक म्हंजे कमीच ना शेवटी?"

"नाही ना रे बाबा!"

हे वर्षानुवर्षं चाललं. भाजी निवडताना, कुम्हारीच्या पुढे बस बंद पडली तेव्हा, दिवाळीचा चिवडा करताना. मी हटायचो नाही, आणि तुम्हाला मी हटायला नकोच होतो. पण एक सांगायचं राहिलं. एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरी नसताना मी पत्र्याच्या तुकड्याला सुईने भोक पाडलं आणि शेगडीसमोर धरून पलीकडे गाल नेला. काही नाही. इतकी धगधगती शेगडी, पण सुईच्या भोकातून तिच्यातलं माझ्या गालापर्यंत काहीसुद्धा पोचलं नाही. तुमचं म्हणणं मला तेव्हाच कळलं: शेगडीचा उजेड बारीक केला की संपतो, तुम्हाला बारीक होऊनही न संपणारा हवा होता. तरी संध्याकाळी तुम्ही आल्यावर मी पुन्हा भांडलो, कारण त्या भांडणाशिवाय चहाला चव नव्हती. आता कोणाला सांगू की तुम्ही बरोबर होता?

आणि नेमकं आपल्याच तेव्हाच्या मध्य प्रदेशात, इंदूरला, अशा गोल नळीचं चक्र उभं राहत होतं. ज्यांना ज्यांना तो उजेड वापरायचा असेल अशांना बोलावून बैठका होत होत्या. तुम्ही चिठ्ठ्या-अर्ज करून त्यात शिरलात. नागपूर, इटारसी, भोपाळ करत गाड्या बदलत जायचं. दादा रजा टाकून बरोबर. त्याला त्या उजेडातलं काही कळत नसे. तो फाटकाबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि तुमची बैठक संपेपर्यंत तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचायचा. घरी आल्यावर आम्ही विचारलं की बैठक कशी झाली, तर तो म्हणायचा, "आतली माहीत नाही. बाहेरची चांगली झाली."

आतली चांगली होत नसे. सगळ्यांना उजेडाचं टोकदार टोक हवं होतं, क्ष-किरण, अतिनील. "ऊबदार टोक कोनालेच नको," तुम्ही म्हणायच्या. आणि तुमची मागणी अडचणीची. हा न दिसणारा उजेड वळणावरून निघतो तो पसरत निघतो. बाकीच्यांना फटीएवढी जागा पुरते, याला रुंद खिडकी लागते. आणि ती खिडकी नळी घडवतानाच ठेवावी लागते. एकदा नळी बनून बसली की मग कितीही डोकं आपटा. म्हणून तुमची एवढी घाई. चक्र कधी सुरू होईल, त्यावर कोण काम करेल, याच्याशी तुम्हाला घेणं नव्हतं. खिडकी राहिली पाहिजे, एवढंच.

एका बैठकीत कोणी मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, इन्फ्रारेड के लिए तो दिया जला लीजिए." सगळे हसले. तुम्ही घरी येऊन ते सांगितलंत तेव्हा माझं टाळकं सरकलं. पण तुम्ही म्हणालात, "मीबी हसली. मंग म्हटलं, दिया तो घर पे है सर, उसी को छोड़ के इतनी दूर आई हूँ." त्यानंतर तिथं कोणी हसलं नाही म्हणे. मृदुभाषी!

शेवटची खेप तुम्ही आजारी असताना केली. डॉक्टर नको म्हणाले होते, मी नको म्हणालो, दादाने तिकिटं काढली. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, तुम्हाला सगळ्यात जास्त तोच ओळखत होता. त्या दिवशी तो बाकावर बसला नाही. फाटकापासून नाक्यापर्यंत फेऱ्या मारत राहिला. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचा एक हात भिंतीवर होता, असं तो सांगतो. तुम्ही त्याला म्हणालात, "सांगून झालं माहं." आणि गाडीत भोपाळ येईपर्यंत त्याच्या खांद्यावर झोपलात.

नंतर नागपूरचं हॉस्पिटल. मला त्याबद्दल जास्त लिहवत नाही. तुमचा हात इतका हलका झाला होता की हातात घेतल्यावर धरला आहे हे कळायचंसुद्धा नाही. मी रोज काहीतरी थट्टा शोधून नेत असे आणि दारातच ती विसरत असे. एका दुपारी तुम्ही विचारलं, "इंदूरचं काही समजलं?"

"समजन. तुमी बऱ्या व्हा, आपन सारेच जाऊ तो उजेड पाहाले."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं नापास झालेल्या पोराकडे पहिल्या वर्षी पाहिलं होतं. "पाहाले काय आहे त्याच्यात? तो दिसतच नाही." श्वास घेऊन म्हणालात, "मले त्याले पाहाचं नाही रे. फक्त त्याले बाहेर याले जागा पाहिजे."

मला हसू आलं नाही. वास्तविक तुम्ही थट्टाच केली होती. तिला तुमच्या तोंडावर दाद द्यायची राहिली, हे मला खुपतं.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून परवापर्यंत दादाच्या डोळ्यात मी पाणी पाहिलं नाही. अग्नी देताना नाही, दहाव्याला नाही. तो सगळ्यांची विचारपूस करत होता, पाहुण्यांना गादी मिळाली का, चहा झाला का. लोक म्हणत होते, धीराचा माणूस आहे. मला ते धीरासारखं वाटत नव्हतं. माझ्या बायकोने त्याला एकदा म्हटलं, "दादा, रडून घ्या थोडं." तो म्हणाला, "हो, पाहतो." जसं ऑफिसात कोणी काम सांगितल्यावर म्हणतात तसं.

परवा इंदूरहून एक गृहस्थ आले. बैठकांमध्ये तुमच्याबरोबर असायचे ते, तुमच्याच वयाचे. बातमी उशिरा कळली म्हणाले. बैठकीच्या खोलीत तुमच्या फोटोला हात जोडून बसले, पाणी घेतलं, आणि बराच वेळ पेल्याशी खेळत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "भाई साहब, मैं माफी माँगने आया हूँ. मॅडम की खिड़की नहीं लग पाई. हमने बहुत कोशिश की. वहाँ अभी ब्लँक लगा दिया है."

दादाने हळूच मान हलवली. "म्हंजे नाहीच झालं," तो स्वतःशी म्हणाला.

मी ताडकन उठून उभा राहिलो. "ब्लँक?"

"हाँ. प्लेट लगा के बंद कर दिया."

"वेल्डिंग मारी है, या बोल्ट?"

ते गोंधळले. शोकाच्या घरात असं कोणी विचारत नसावं. "बोल्ट," ते म्हणाले. "बोल्ट से कसा है."

वहिनी, मला त्या गृहस्थांना मिठी मारावीशी वाटली. त्यांना बिचाऱ्यांना वाटत होतं की ते वाईट बातमी घेऊन आले आहेत. गॅसच्या लायनीवर माझा जन्म गेला. पुढे कधी फाटा काढायची शक्यता असेल, तर पाइप टाकतानाच आम्ही त्याला एक तोंड ठेवतो, आणि त्या तोंडावर लोखंडी झाकण बोल्टांनी आवळून टाकतो. तोच ब्लँक. ज्या पाइपाला कधीच फाटा काढायचा नसतो, त्याला तोंडच ठेवत नाहीत. तिथं नुसता पाइप असतो.

"दादा," मी म्हणालो, "झालं. अरे झालं! भोक नसतं तं झाकन कशाले लावलं असतं त्याईनं?"

दादा माझ्याकडे पाहत राहिला. त्याला समजायला वेळ लागला. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो आणि पुन्हा सांगितलं. चकती बसवली नाही, उजेड बाहेर आणणारे आरसे बसवले नाहीत, ते खरं. पण नळी घडवताना जागा ठेवली. ती आता कोणाला मिटवता येणार नाही.

"मंग कोन उघडन ते?" दादाने विचारलं.

"ज्याले गरज पडन तो. पाना घेऊन येईन अन् उघडन."

"कवा?"

"ते नाही माहीत. आपन नसू बी कदाचित."

ते गृहस्थ आमचं मराठी थोडं थोडं समजत असावेत. त्यांनी मान वर केली. दादा त्यांच्याकडे वळला. आवाज त्याचा फार बारीक झाला होता.

"कितनी बड़ी रखी है?"

त्यांनी पेला खाली ठेवला आणि दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून, अंतर जरा कमी-जास्त करत, नीट आठवून दाखवलं. "मॅडम ने जितनी बोली थी," ते म्हणाले, "उतनी ही."

दादा त्या दोन तळहातांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. त्याने आपला हात पुढे केला, त्या जागेत नेला, आणि तिथंच ठेवून तो रडायला लागला. मोठ्याने, लहान पोरासारखा. त्या भल्या माणसाने आपले हात हलवले नाहीत.

रुंद आहे, वहिनी. तुम्ही मागितली होती तेवढीच आहे.